विस्मृतीची लय आणि सांभाळणारा श्रोता

१

कालात उलगडणाऱ्या प्रत्येक कलेला स्मृतीचा आधार लागतो. सूर उमटतो आणि विरतो. पुढचा सूर येईपर्यंत मागचा सूर ऐकणाऱ्याच्या जाणिवेत टिकून राहिला नाही, तर चाल ऐकू येणार नाही. सुटे ध्वनी तेवढे ऐकू येतील. एडमंड हुसर्लने कालजाणिवेवरील आपल्या व्याख्यानांत (ती १९०५ मध्ये दिली गेली व १९२८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली) चालीचेच उदाहरण घेतले ते याच कारणाने. नुकत्याच सरलेल्या क्षणाला धरून ठेवणारी जाणीव आणि पूर्वी होऊन गेलेले पुन्हा मनासमोर आणणारी आठवण यांत त्याने भेद केला. पहिलीला आपण 'धारणा' म्हणू आणि दुसरीला 'स्मरण'. संगीताच्या आस्वादात दोन्ही गुंतलेली असतात. धारणेमुळे स्वरवाक्य सलग होते. स्मरणामुळे ध्रुवपद परत आल्याचे कळते.

हे मान्य केले की एक अवघड प्रश्न उभा राहतो. विस्मरण हाच ज्या संगीतकृतीचा विषय आहे, तिचा रूपबंध कसा असू शकेल? साहित्यापुढे हा प्रश्न इतक्या तीव्रतेने येत नाही, कारण 'तो विसरला' असे विधान भाषेला करता येते. संगीताला नकारार्थी विधान करण्याची सोय नाही. एखादा सूर येतो किंवा येत नाही. जो आला नाही तो 'विसरला गेला आहे' हे मात्र सुरांच्या बाहेरून, म्हणजे ज्याला तो सूर आठवतो आहे अशा कोणाकडून तरी ठरावे लागते. विस्मरणाच्या संगीताला न विसरणारा श्रोता लागतो, हा विरोधाभास या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी 'द केअरटेकर' या नावाने रचना करणाऱ्या लेलंड कर्बी या ब्रिटिश संगीतकाराच्या 'एव्हरीव्हेअर ॲट द एंड ऑफ टाइम' (२०१६-२०१९) या कृतीचा विचार येथे केला आहे. प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीताच्या काळोख्या प्रवाहात ही कृती आज बरीच प्रसिद्ध आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे मन आतून कसे दिसते याचे ते चित्रण आहे, असे तिच्याबद्दल सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे वाचन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. या कृतीचा खरा विषय विसरणारा नाही. विसरणाऱ्याजवळ बसलेला, त्याच्या वतीने आठवण ठेवणारा माणूस हा तिचा विषय आहे.

२

कर्बीने 'द केअरटेकर' हे नाव १९९९ मधील 'सिलेक्टेड मेमरीज फ्रॉम द हॉन्टेड बॉलरूम' या अल्बमपासून वापरले. स्टीफन किंगच्या १९७७ च्या कादंबरीवर स्टॅन्ले कुब्रिकने १९८० मध्ये काढलेला 'द शायनिंग' हा चित्रपट या नावामागे आहे. हिवाळ्यात बंद असलेल्या डोंगरातील हॉटेलची राखण करायला आलेला नायक तेथील नृत्यशाळेच्या गतकाळात ओढला जातो. त्याला ऐकू येणारे संगीत दोन महायुद्धांमधल्या काळातील नृत्यवृंदांचे आहे. कर्बीची सारी सामग्री याच काळातली आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरील चालींचे तुकडे तो घेतो, त्यांची आवर्तने करतो, वेग कमी करतो, प्रतिध्वनी वाढवतो आणि तबकडीची खरखर मुद्दाम पुढे आणतो. 'थिअरेटिकली प्युअर अँटेरोग्रेड ॲम्नेशिया' (२००५) या ७२ तुकड्यांच्या संचात स्मृतिविकार हा विषय नावासकट आला. 'ॲन एम्प्टी ब्लिस बियाँड धिस वर्ल्ड' (२०११) मध्ये तो अधिक हळुवारपणे हाताळला गेला.

'एव्हरीव्हेअर ॲट द एंड ऑफ टाइम' हे या मालिकेचे अखेरचे प्रकरण. त्याचे सहा भाग सुमारे सहा-सहा महिन्यांच्या अंतराने सप्टेंबर २०१६ ते मार्च २०१९ या काळात निघाले. प्रत्येक भागाला 'अवस्था' असे नाव आहे. सगळे मिळून सुमारे साडेसहा तासांचे संगीत आहे. त्याची वाटणी पाहण्यासारखी आहे. पहिल्या तीन अवस्थांत ३८ रचना आहेत आणि त्यांना दोन तासांहून थोडाच अधिक वेळ लागतो. उरलेल्या तीन अवस्थांत केवळ १२ रचना आहेत आणि त्या चार तासांहून अधिक काळ चालतात. पूर्वार्धात रचनेचे एकक गाणे हे आहे. एक चाल सुरू होते, दोन-चार मिनिटे फिरते, मध्येच कापल्यासारखी थांबते, दुसरी सुरू होते. चौथ्या अवस्थेपासून तबकडीची एक संपूर्ण बाजू हेच एकक होते. वीस-वीस मिनिटांच्या या पट्ट्यांत चालींचे अवशेष एकमेकांवर आदळतात, उलटे फिरतात, खरखरीत बुडतात. पाचव्या अवस्थेत एका ठिकाणी मॅन्डोलिनवादनाची घोषणा करणारा मानवी आवाज अचानक स्पष्ट ऐकू येतो. त्या स्पष्टतेनेच श्रोता दचकतो. सहाव्या अवस्थेत चालीचे अवशेषही जवळजवळ नाहीसे होतात. दूरच्या वाऱ्यासारखी घरघर उरते.

प्रत्येक अवस्थेबरोबर कर्बीने एक लहानसे निवेदन दिले आहे. पहिल्या अवस्थेत विस्मरणाची पहिली चिन्हे आहेत, ती अजून दिवास्वप्नासारखी सुखद आहेत. दुसरीत काहीतरी बिघडल्याची जाणीव आणि ते न स्वीकारण्याची धडपड आहे. तिसरीत अखेरच्या सुसंगत आठवणी आहेत. चौथीपासून 'जाणिवेनंतरच्या' अवस्था सुरू होतात. सहाव्या अवस्थेच्या निवेदनात मात्र तिला वर्णन नाही, एवढेच सांगितले आहे.

३

येथे रूपवादी समीक्षक एक आक्षेप घेईल, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. या संगीताचा म्हणून जो अर्थ सांगितला जातो तो निवेदनांतून व शीर्षकांतून आला आहे. सुरांत तो कोठे आहे? एदुआर्द हान्सलिकने १८५४ मध्ये संगीताचा आशय म्हणजे ध्वनींची गतिमान रूपेच होत असे प्रतिपादन केले, तेव्हापासून कार्यक्रमसंगीतावर हाच आरोप होत आला आहे. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द काढून घेतला तर चौथी अवस्था म्हणजे नुसता गोंगाट नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर दोन पायऱ्यांनी द्यावे लागेल. पहिली पायरी शीर्षकांची. जेरार जनेतने १९८७ च्या आपल्या ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, निवेदन यांना संहितेचे उंबरठे म्हटले. उंबरठा घराच्या आतही नसतो आणि बाहेरही नसतो. कर्बीच्या कृतीत मात्र या उंबरठ्यालाच एक स्वतंत्र रचना आहे. पहिल्या अवस्थेतील शीर्षकांत 'माझे' आणि 'आपण' आहेत: माझ्या साऱ्या आयुष्यातली प्रेमे, आपल्यापाशी फार दिवस नाहीत, अशा अर्थाची. दुसऱ्या अवस्थेत 'मी' आग्रहाने बोलतो. मी अजून मीच असल्यासारखे वाटते, अशा आशयाचे एक शीर्षक तेथे आहे. तिसऱ्या अवस्थेत काय होते ते व्याकरणाच्या अंगाने पाहिले पाहिजे. दुसऱ्या अवस्थेत 'व्हॉट डझ इट मॅटर हाउ माय हार्ट ब्रेक्स' असा एक पूर्ण प्रश्न होता. तिसरीत त्यातला 'अँड हार्ट ब्रेक्स' एवढाच तुकडा उरतो. प्रश्न गळला आहे, आणि 'माझे' हे सर्वनामही गळले आहे. 'मिसप्लेस्ड इन टाइम'चे 'ड्रिफ्टिंग टाइम मिसप्लेस्ड' होते. शब्द आहेत, पण त्यांना जोडणारा संबंधवाचक शब्द नाही. या अवस्थेतील शीर्षके कर्बीच्या स्वतःच्या आधीच्या शीर्षकांच्या मोडतोडीतून बनली आहेत. ज्याने ती आधीची शीर्षके वाचली नसतील त्याला ती विचित्र काव्यात्म वाटतील. ज्याने वाचली असतील त्याला त्यांतला ऱ्हास दिसेल.

चौथ्या आणि पाचव्या अवस्थेत 'मी' सर्वस्वी नाहीसा होतो आणि शीर्षके केसपेपरच्या भाषेत बोलू लागतात. चौथीतील चारपैकी तीन रचनांना एकच नाव आहे. पाचवीत मेंदूत साठणाऱ्या प्रथिनांचा गुंता, पेशींमधल्या जोडांची उलटी वाटचाल असे शब्द येतात. रुग्ण स्वतःच्या स्थितीला असे शब्द लावत नाही. ते खाटेशी उभ्या असलेल्या वैद्याचे आहेत. सहाव्या अवस्थेत आणखी एक पालट होतो. विसरणेही विसरले जावे इतक्या दाट गोंधळाविषयीच्या पहिल्या शीर्षकात इंग्रजीतले द्वितीयपुरुषी सर्वनाम आहे. पुढे 'लाँग डिक्लाइन इज ओव्हर' असे शीर्षक येते. दीर्घ ऱ्हास संपला, हे कोण म्हणते? ज्याचा ऱ्हास झाला तो हे म्हणू शकत नाही. हे वाक्य इतके दिवस उशाशी बसलेल्याचे आहे. प्रथमपुरुषापासून निघून वैद्यकीय तृतीयपुरुषातून द्वितीयपुरुषाकडे असा हा निवेदकाचा प्रवास आहे, आणि त्यात बोलण्याचा अधिकार हळूहळू विसरणाऱ्याकडून जवळच्या माणसाकडे जातो.

४

दुसरी पायरी सुरांची. संपूर्ण कृतीचा आरंभ 'हार्टेक्स' या १९३१ च्या गाण्याच्या आवर्तनाने होतो. अल बोली या गायकाने त्याच वर्षी ते ध्वनिमुद्रित केले होते. बोलीचे आयुष्य या संगीताच्या विखुरलेल्या भूगोलाचे चांगले उदाहरण आहे. आजच्या मापुटो येथे तो जन्मला, जोहान्सबर्गमध्ये वाढला, १९२० च्या दशकात कलकत्ता व सिंगापूर येथील हॉटेलांच्या वृंदांत वाजवत राहिला, लंडनमध्ये नावारूपाला आला आणि १९४१ च्या एप्रिलमध्ये तेथेच हवाई हल्ल्यात मारला गेला. 'द शायनिंग'च्या अखेरीस ऐकू येतो तो आवाज याच बोलीचा. कर्बीच्या पहिल्या रचनेत मात्र प्रामुख्याने वाद्यवृंदाचाच भाग फिरत राहतो. रचनेचे शीर्षक त्या गीताच्या शब्दांतून आले आहे, पण ते शब्द म्हणणारा आवाज मागे राहिला आहे. काहीतरी आधीच हरवले आहे, फक्त ते अजून जाणवत नाही.

ही चाल दुसऱ्या अवस्थेत परत येते, आता संथ आणि उदास होऊन. तिसरीत ती पुन्हा येते, प्रतिध्वनीत बुडालेली, कडा झिजलेली. नंतरच्या गोंधळात मधूनच तिच्या एखाद्या स्वरवळणाचा भास होतो, आणि तो खरोखर होता की आपल्या कानांनी निर्माण केला हे सांगता येत नाही. हान्सलिकवादी आक्षेपाला उत्तर मिळते ते येथे. चौथ्या अवस्थेपासूनच ऐकायला सुरुवात करणाऱ्याला खरोखरच केवळ गोंगाट ऐकू येईल. त्याच्या दृष्टीने काहीच हरवलेले नाही. पहिल्या अवस्थेपासून आलेला श्रोता मात्र त्याच ध्वनींत 'हार्टेक्स'चा अभाव ऐकतो. म्हणजे येथील करुण ध्वनींमध्ये नाही आणि निवेदनांमध्येही नाही. तो दोन दूरच्या क्षणांच्या संबंधात आहे, आणि हा संबंध फक्त श्रोत्याच्या स्मरणात अस्तित्वात असतो.

मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रातील लयतत्त्वाची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयसंबंधांनी कलाकृतीतील घटक एकत्र बांधले जातात, ही त्यांची मांडणी सुपरिचित आहे. तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे: ज्या दोन संवेदनांत विरोध प्रतीत व्हायचा त्या दोन्ही आस्वादकाच्या जाणिवेत एकाच वेळी उपस्थित असल्या पाहिजेत. पाच मिनिटांच्या रचनेत हे सहज साधते. साडेसहा तासांच्या, आणि मूळच्या श्रोत्यांच्या बाबतीत अडीच वर्षांवर पसरलेल्या कृतीत ते साधेलच असे नाही. कर्बीने मर्ढेकरांचे गृहीतक पणाला लावले आहे असे म्हणता येईल. लयीचे एक टोक कृतीत आहे. दुसरे श्रोत्याने धरून ठेवायचे आहे. ते त्याच्या हातून सुटले तर कृती मोडते. वाचक-प्रतिसादवादी समीक्षा वाचकाला संहितेचा सहनिर्माता म्हणते. येथे श्रोता सहनिर्माता नसून राखणदार आहे.

आपल्या परंपरेत या रचनेचे एक जुने प्रतिमान आहे. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत अस्वस्थ होतो, आणि आपण अस्वस्थ का झालो हे त्याला कळत नाही. अभिनवगुप्तालाही या प्रसंगातील श्लोक महत्त्वाचा वाटला होता. संगीत येथे विस्मृत गोष्टीला स्पर्श करते, पण तिला नाव मिळत नाही. या अंकाचे नाट्य कोणामुळे शक्य होते? दुष्यंताला शकुंतला आठवत नाही. ती प्रेक्षकाला आठवते. प्रेक्षक तिसरा अंक पाहून आला आहे. राजसभेत शकुंतला उभी असते तेव्हा तिच्या बाजूने साक्ष देऊ शकणारा आणि तरीही मुका असलेला साक्षीदार म्हणजे प्रेक्षक. विस्मृतीचे नाट्य विसरणाऱ्याच्या मनात घडत नाही. ते आठवणाऱ्याच्या मनात घडते, हे कालिदासाला ठाऊक होते. फरक एवढाच की तेथे पुढे अंगठी सापडते. ज्या विस्मरणाशी कर्बीचा संबंध आहे त्यात शाप नाही, म्हणून उःशापही नाही.

५

कर्बीच्या कृतीचे वेगळेपण तिच्याशी नेहमी जोडल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका कृतीशी तुलना केल्याने स्पष्ट होईल. विल्यम बसिन्स्की या अमेरिकन संगीतकाराने २००१ च्या उन्हाळ्यात आपल्या जुन्या चुंबकीय फितींची आवर्तने अंकीय माध्यमात उतरवायला घेतली. फिरता फिरता फितींवरील लोहकणांचा थर गळू लागला आणि प्रत्येक फेऱ्यात संगीत थोडे थोडे नाहीसे होत गेले. ही झीज तशीच ध्वनिमुद्रित झाली व 'द डिसइंटिग्रेशन लूप्स' या नावाने २००२-२००३ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमधील ११ सप्टेंबर २००१ च्या घटनेशी ती कायमची जोडली गेली, कारण त्या संध्याकाळचा धूर बसिन्स्कीने आपल्या ब्रुकलिनमधील गच्चीवरून चित्रित केला आणि त्यातली दृश्ये मुखपृष्ठांवर वापरली.

पर्सच्या चिन्हमीमांसेची परिभाषा वापरायची तर बसिन्स्कीकडील झीज हे निर्देशक चिन्ह आहे. धूर जसा अग्नीचा, तसा तो विरणारा सूर खरोखर गळणाऱ्या लोहकणांचा निर्देश करतो. कर्बीकडील झीज हे सादृश्यचिन्ह आहे. येथे काहीही आपोआप गळलेले नाही. प्रत्येक खंड, प्रत्येक खरखर कोणीतरी विचारपूर्वक ठेवली आहे. काही समीक्षकांना त्यामुळे बसिन्स्कीची कृती अधिक प्रामाणिक वाटते. प्रस्तुत लेखकाला हा निकष योग्य वाटत नाही. फीत झिजते तेव्हा कोणीही दुःख करत नसते. ती वस्तूची झीज आहे. माणसाची झीज नेहमी कोणाच्या तरी डोळ्यांदेखत होते, आणि तो पाहणारा काय जपतो, काय निसटू देतो यावर तिचा अर्थ ठरतो. कर्बीची निवड ही त्या पाहणाऱ्याची निवड आहे.

या संदर्भात मार्क फिशर या ब्रिटिश समीक्षकाच्या विवेचनाचाही परामर्श घेतला पाहिजे. देरिदाने १९९३ मध्ये 'स्पेक्टर्स दे मार्क्स'मध्ये योजलेली भूतबाधेची संकल्पना फिशरने संगीतसमीक्षेत आणली, आणि 'द केअरटेकर'च्या संगीतात त्याला एका संस्कृतीचा विकार दिसला. नवी स्मृती घडवता येत नाही म्हणून सतत जुन्यातच वावरणारा काळ, असे त्याचे निदान होते. २००५ च्या संचाबाबत ते फार समर्पक आहे. फिशरचे जानेवारी २०१७ मध्ये निधन झाले. ही कृती त्याला पूर्ण ऐकता आली नाही. कर्बीने त्याच वर्षी त्याच्या स्मरणार्थ 'टेक केअर. इट्स अ डेझर्ट आउट देअर' ही स्वतंत्र रचना प्रसिद्ध केली. तथापि फिशरचे रूपक जसेच्या तसे या अखेरच्या कृतीवर लावले, तर आजार हा केवळ संस्कृतीचा अलंकार होऊन बसतो. सहा अवस्थांची चौकट एका देहाची आहे. संस्कृतीला उशाशी बसणारे कोणी लागत नाही, माणसाला लागते.

मराठीत 'सांभाळणे' हे क्रियापद दोन्ही ठिकाणी चालते. आपण घर सांभाळतो, आठवणी सांभाळतो आणि म्हाताऱ्या माणसालाही सांभाळतो. 'केअरटेकर' हा इंग्रजी शब्द मुख्यत्वे वास्तूच्या राखणदाराचा आहे, आणि कुब्रिकचा नायक तसाच राखणदार होता. वीस वर्षांत या नावाचा अर्थ रिकाम्या हॉटेलच्या राखणीकडून रिकाम्या होत जाणाऱ्या माणसाच्या सांभाळाकडे सरकत गेला. २०१६ मध्ये ही कृती जाहीर झाली तेव्हा कर्बीलाच हा आजार झाला आहे असा समज काही ठिकाणी पसरला होता. तो पुढे दूर करण्यात आला. आजार 'द केअरटेकर' या निवेदकाला झाला होता, आणि सहाव्या अवस्थेबरोबर तो निवेदक संपवण्यात आला. वेन बूथने १९६१ मध्ये वेगळा काढलेला अभिप्रेत लेखक येथे अक्षरशः रुग्ण होतो. त्याला सांभाळणारे श्रोत्याखेरीज कोणी उरत नाही.

६

या वाचनाचा नैतिक भाग शिल्लक राहतो. २०२० मध्ये ही कृती टिकटॉकवर तरुणांमध्ये एकाएकी गाजली. सलग साडेसहा तास ऐकून दाखवण्याचे आव्हान तेथे दिले जाऊ लागले. तिला भयकथेसारखे स्वागत मिळाले आणि दुसऱ्याच्या दुखण्याचा हा तमाशा आहे अशी टीकाही झाली.

या वादात रससिद्धांताची परिभाषा उपयोगी पडते. चौथ्या-पाचव्या अवस्थेतील रस भयानक की करुण? भयाला स्वतःचा संबंध लागतो. हे माझे होईल या कल्पनेने ते उपजते. शोक इष्टनाशातून उपजतो. जे प्रिय होते ते गेले, हे त्याचे बीज. कृती म्हणजे रुग्णाच्या मनाचे अनुकरण असे मानले तर श्रोता रुग्णाच्या जागी जातो आणि भयानकाखेरीज दुसरा रस संभवत नाही. आव्हान म्हणून ऐकणाऱ्यांना भय वाटले ते त्यामुळेच. पण साडेसहा तासांत श्रोता एक क्षणही रुग्ण होत नाही. त्याला सर्व आठवत असते. तो सांभाळणाऱ्याच्या जागी आहे हे एकदा लक्षात आले की हेच ध्वनी करुणाकडे वळतात. तमाशाचा आरोपही मग ढिला पडतो, कारण तमाशा पाहणाऱ्यावर कसलीच जबाबदारी नसते आणि येथे जबाबदारी हाच आस्वादाचा प्रकार आहे.

तरीही या कृतीला एक मोठी मर्यादा आहे. तिच्यातील प्रत्येक क्षण मागच्या क्षणापेक्षा कमी आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला वर्तमान असतो. तो हसतो, चिडतो, ऊन अंगावर घेतो, ओळख नसलेल्या हाताला धरतो. त्याच्या या वर्तमानाला कर्बीच्या संगीतात जागा नाही; चौथ्या अवस्थेत तात्पुरत्या आनंदाचे नाव धारण करणारी एक रचना आहे, पण तीही हरवलेल्या आनंदाच्याच मापाने मोजली जाते. ही सांभाळणाऱ्याची चूक आहे, आणि ती फार खरी चूक आहे. जो पूर्वीचा माणूस आठवत बसतो त्याला समोरचा माणूस दिसेनासा होतो. कृतीने ही चूक दाखवली आहे की केली आहे, याचा निर्णय तिच्या शेवटावर अवलंबून आहे.

७

अखेरच्या रचनेचे नाव जगातली जागा विरून जाण्याविषयी आहे. बराच काळ घरघर चालते. मग तबकडीवर सुई ठेवल्यासारखा आवाज होतो आणि तासन्‌तास न ऐकलेली गोष्ट ऐकू येते: सलग, अखंड गायन. शेवटच्या सुमारे सहा मिनिटांत हे गाणे जुन्या खरखरीतून येत राहते, मग थांबते, आणि उरलेला एक मिनिट शांतता असते.

बऱ्याच श्रोत्यांनी या क्षणाला मृत्यूपूर्वीची क्षणिक शुद्ध मानले आहे. दुष्यंताची अंगठी सापडली, असा हा अर्थ आहे. तो सुखद आहे, आणि म्हणूनच संशयास्पद आहे. हे गाणे कोठून आले ते पाहिले पाहिजे. एके काळी बाखच्या नावावर असलेल्या, आता त्याच्या मानल्या न जाणाऱ्या 'ल्यूक पॅशन'मधील ती एक आरिया आहे. तिच्यात मृत मित्राला थडग्यात ठेवण्यापूर्वी त्याचे एकवार चुंबन घेऊ देण्याची विनवणी आहे. गाणारा मृत नाही. मृताजवळ उभा असलेला आहे. शिवाय हे ध्वनिमुद्रण कर्बीने प्रकल्पाच्या आरंभीच्या 'ए स्टेअरवे टू द स्टार्स' या अल्बममध्ये पूर्वी वापरलेले आहे. म्हणजे शेवटी परत येते ती या कृतीतली आठवण नव्हे. ती 'द केअरटेकर'च्या बालपणातली आहे, आणि ती ओळखायला श्रोत्याने साडेसहा तासच नव्हे, वीस वर्षे सांभाळलेली असली पाहिजेत. अभिज्ञान घडते ते विसरणाऱ्याला नव्हे. घडलेच तर ते श्रोत्याला घडते.

खरखरीतून येणारे ते जर्मन शब्द बहुतेक श्रोत्यांना कळत नाहीत, हे मान्य करावे लागेल. तरीही त्या विनवणीचा आशय या कृतीच्या मर्यादेला उत्तर देतो. ती भूतकाळ परत मागत नाही, ओळख पटावी असेही मागत नाही. समोर जो देह आहे त्याला एकदा स्पर्श करू द्यावा एवढेच ती मागते. साडेसहा तास मागे पाहणारा सांभाळणारा येथे प्रथमच समोर पाहतो. ते फार उशिरा घडते, आणि त्या उशिराची जाणीव हीच या कृतीची अंतिम भावस्थिती आहे. त्यापुढचा एक मिनिट कर्बीने मोकळा ठेवला आहे. तेथे सांभाळायला ध्वनी उरलेला नाही, आणि श्रोता मात्र अजून ऐकतो आहे.